एक खोली, एक संध्याकाळ, तीन संकेतांक

गिरगावातल्या एका चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. घरांच्या आमच्या सर्वेक्षणात तिच्यापुढे एकाच संध्याकाळी तीन वेगवेगळे संकेतांक पडले होते. सहा वाजून दहा मिनिटांनी 'स्वतःचे घर', सातच्या सुमारास 'भाड्याचे घर' आणि साडेसातला 'इतर'. कुटुंब तेच, खोली तीच, उत्तरं देणाऱ्या काकूही त्याच. टॅबलेटमध्ये प्रत्येक बदलाची वेळ नोंदली जाते म्हणून हे मला दिसलं तरी. कागदी अनुसूची, म्हणजे छापील प्रश्नावली, असती तर शेवटची खूण तेवढी उरली असती आणि त्या खुणेवर कुणाला शंका घ्यायचं कारणच नव्हतं.

त्या भागातल्या अन्वेषकांचं, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती भरणाऱ्यांचं, काम तपासणं ही माझी जबाबदारी होती. मी आधी अन्वेषक मुलीला फोन केला. तिचं म्हणणं सरळ होतं. तिने प्रश्न छापल्याप्रमाणे वाचला, "घर तुमचं स्वतःचं की भाड्याचं?" काकू म्हणाल्या, "आमचंच की. माझ्या सासऱ्यांनी घेतलंय." तिने 'स्वतःचे' निवडलं. पुढे दरमहा भाड्याच्या रकान्यापाशी काकूंनी आपणहून सांगितलं, "भाडं शहाण्णव रुपये." तो आकडा टाकल्याबरोबर टॅबलेट अडला, कारण मालकाच्या घराला भाडं असू शकत नाही असा नियम आम्हीच त्यात घातला होता. तिने मागे जाऊन 'भाड्याचे' केलं. मग दुसरा नियम आडवा आला. शहरी भागात ५०० रुपयांखालचं भाडं आम्ही टंकनदोष मानत होतो. अजून दोन घरं बाकी होती, अंधार पडत होता. 'इतर' निवडल्यावर भाड्याचा प्रश्नच येत नाही, हे तिला आधीच्या आठवड्यात कळलं होतं.

यात तिची चूक मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. दोन्ही वेळा तिला खरं उत्तर मिळालं होतं आणि दोन्ही वेळा आमच्या यंत्राने ते नाकारलं होतं.

दोन दिवसांनी मी तिच्याबरोबर त्या घरी गेलो. नावं आणि ओळख पटेल अशा खुणा इथे बदलल्या आहेत, व्यवहार मात्र जसाच्या तसा आहे. खोली साधारण १८० चौरस फुटांची, एका कोपऱ्यात मोरी, वर लाकडी पोटमाळा, संडास गॅलरीच्या टोकाला सामायिक. घरात चार माणसं: काकू, त्यांचा नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. चूल एक, म्हणजे कुटुंब एक. तो प्रश्न सोपा होता. नवऱ्याचा थोरला भाऊ डोंबिवलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो.

या वेळी मी छापील प्रश्न बाजूला ठेवला आणि विचारलं, "काकू, ही खोली ओनरशिपची, पागडीची, की भाड्याने घेतलेली?"

त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. "पागडीची."

आमची अर्धी अडचण तिथेच उलगडली. मुंबईच्या माणसाकडे या गोष्टीसाठी कधीपासून तीन शब्द आहेत. 'ओनरशिपचा ब्लॉक' म्हणजे सोसायटीतलं, मालकीचं घर. 'भाड्याने राहतो' म्हणजे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, डिपॉझिट आणि मुदत संपताना पुन्हा घर शोधण्याची धास्ती. 'पागडीची खोली', म्हणजे एकरकमी पागडी देऊन भाडेहक्क घेतलेली आणि पुढे नाममात्र भाड्याची, या दोन्हींपेक्षा वेगळी, तिला ना हा शब्द चालतो ना तो. आमचा प्रश्न मात्र दोनच शब्दांत विचारला जात होता. 'स्वतःचं की भाड्याचं' असं विचारल्यावर पागडीवाल्याने 'स्वतःचं' म्हणणं ही बढाई नव्हे. 'भाड्याचं' म्हटलं तर ऐकणारा त्याला अकरा महिन्यांचा समजेल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मग सासूबाईंनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आतमध्ये पिवळ्या पडलेल्या भाडेपावत्या, वर्षावर्षाच्या टाचलेल्या. सासऱ्यांनी ही खोली १९७४ साली आधीच्या भाडेकरूकडून १४,००० रुपये पागडी देऊन घेतली. त्यातला ठरलेला वाटा मालकाने घेतला आणि पावती सासऱ्यांच्या नावावर करून दिली. सासरे २००९ मध्ये गेले, पावती आजही त्यांच्याच नावाची. भाडं ९६ रुपये. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, मालकाचे मेहताजी, म्हणजे त्याचे कारकून, भाडं न्यायला आलेले नाहीत. काकूंचा नवरा मनीऑर्डर करतो, ती परत येते, आणि परत आलेल्या मनीऑर्डरच्या पावत्याही त्याच पिशवीत जपून ठेवलेल्या. चौदा हजारांचा कागद मात्र कुठेच नव्हता. आजी म्हणाल्या, "तेव्हा कोण कागद करणार? माणसांसमोर दिले."

तो कागद का नाही, हे कळल्याशिवाय या घराचं वर्गीकरण करता येत नाही. मुंबईत भाड्यांवर १९४७ च्या कायद्याचं नियंत्रण होतं आणि जुन्या इमारतींची प्रमाण भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेली होती. बाजार वाढत गेला, भाडं जागच्या जागी राहिलं, आणि मधली सगळी किंमत पागडीत गेली. पण त्या कायद्याखाली भाड्याव्यतिरिक्त अशी रक्कम घेणं गुन्हा होता. साहजिकच लाखो रुपयांचे व्यवहार चाळीत चारचौघांच्या साक्षीने झाले आणि कागदावर फक्त भाड्याची पावती उरली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तेव्हा पागडी घेणं-देणं कायदेशीर ठरलं आणि नवा भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे असंही बंधन आलं. म्हणजे १९७४ च्या व्यवहाराला कागद नाही याचा अर्थ या कुटुंबाचा हक्क कच्चा आहे असा होत नाही. त्या काळी कागद करणं म्हणजे गुन्ह्याचा पुरावा करणं होतं.

आता संकेतांकांकडे. पहिला दावा 'स्वतःचे घर' हा. तो गंभीरपणे तपासायला हवा, कारण कुटुंबाचा त्यावर मनापासून विश्वास आहे आणि विश्वासाला आधारही आहे. भाडेकरू भाडं देत आहे किंवा द्यायला तयार आणि राजी आहे, तोवर मालकाला ताबा परत मागता येत नाही. कायद्याने दिलेली कारणं असतील तरच, आणि तेही न्यायालयात जाऊन, तो मागता येतो. भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. मालकाची संमती घेऊन आणि त्याचा वाटा देऊन तो हक्क दुसऱ्याला पैसे घेऊन देता येतो. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीचा पुनर्विकास झाला तर नव्या इमारतीत मालकीचं घर मिळतं. काढता येत नाही, वारशाने जातं, विकल्यासारखं देता येतं: मालकीत माणसाला आणखी काय हवं असतं?

तरीही ते मालक नाहीत. भिंती, जमीन, जिना हे सगळं दुसऱ्याचं आहे आणि वापराबद्दल त्या दुसऱ्याला भाडं देणं लागतं. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत या प्रश्नाला तीनच पर्याय होते: स्वतःचे, भाड्याचे, इतर. त्यात 'स्वतःचे' धरायची कसोटी अशी की कुटुंब आपल्या मालकीच्या घरात राहतं आणि कुणालाही भाड्यापोटी काही देत नाही. हप्ते पूर्ण फिटले नसले तरी ओनरशिपचा फ्लॅट स्वतःचाच. घर आपलं पण खालची जमीन दुसऱ्याची असेल, तरीही स्वतःचं. पागडीची खोली यात बसत नाही, कारण इथे परकी फक्त जमीन नाही, घरही परकं आहे. गोव्यातल्या मुंडकाराशी तुलना केली की हा फरक नीट दिसतो. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर तिथे राहणाऱ्या मुंडकाराने स्वतःच्या खर्चाने घर उभं केलं असेल, तर जनगणनेच्या कसोटीवर ते त्याचं स्वतःचं. गिरगावातल्या काकूंनी कितीही फरशा बदलल्या, पोटमाळा नव्याने घातला, तरी घर उभं केलं ते मालकाने.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या जनगणनाविषयक शिफारशींत दोन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. घर कोणाच्या मालकीचं, हा एक प्रश्न. आणि कुटुंब त्या घरात कोणत्या व्यवस्थेने राहतं, हा दुसरा. पहिला प्रश्न घराबद्दल आहे, दुसरा कुटुंबाबद्दल. आपल्याकडे प्रश्नाचं नावच 'मालकीची स्थिती' असं असतं, त्यामुळे अन्वेषक पहिला प्रश्न विचारतो आणि उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात लिहितो. आमच्या टीममध्ये तेच चाललं होतं. पावती सासऱ्यांच्या नावावर आहे, ते हयात नाहीत, डोंबिवलीचा भाऊ हिस्सा मागू शकतो, मग हे घर नेमकं कोणाचं, यावर अन्वेषकांच्या गटात अर्धा दिवस वाद झाला. तो वाद वारसाहक्काचा होता. भावाचा हिस्सा न्यायालयात ठरो वा आपसांत, आज या चुलीवर जेवणारी चार माणसं भाडेकरूच्या हक्काने तिथे राहतात, आणि आम्हाला तेवढंच नोंदवायचं होतं.

'इतर' हा तिसरा संकेतांक तर सर्वांत चुकीचा होता, जरी टॅबलेटने तो विनातक्रार घेतला. 'इतर'मध्ये जातात ती नात्यातल्या माणसाने फुकट राहायला दिलेली घरं, विनापरवाना ताब्यातल्या जागा. मेहताजी चार वर्षं आले नाहीत म्हणून खोली फुकटची होत नाही. भाड्याच्या घराची व्याख्या 'भाडं दिलं जातं किंवा देण्याचं ठरलेलं आहे' अशी आहे, आणि ते ठरलेलं आहे याचा पुरावा म्हणून परत आलेल्या मनीऑर्डरी पिशवीत आहेत. भाड्याच्या रकान्यात शून्य नव्हे, ९६ लिहायचे.

म्हणजे 'भाड्याचे'. जनगणनेपुरतं एवढं पुरलं असतं. पण आमची अनुसूची राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या धर्तीवर होती. त्या सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत, जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये, भाड्याच्या घरांचे आणखी भाग पाडलेले होते: नोकरीच्या ठिकाणचं निवासस्थान, लेखी करार असलेलं आणि लेखी करार नसलेलं. आमच्या सूचनापुस्तिकेत लेखी कराराचा अर्थ दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला कागद असा दिला होता. पावतीवर सही फक्त मालकाच्या माणसाची. म्हणजे ही खोली 'भाड्याचे, लेखी करार नाही' या संकेतांकात गेली.

मला झोप लागू दिली नाही ती याच संकेतांकाने. नालासोपाऱ्यात ओळखीच्या माणसाकडे तोंडी बोलीवर राहणारा मुलगा, ज्याला उद्या 'रविवारपर्यंत खोली खाली कर' असं सांगता येतं, तो याच संकेतांकात आहे. आणि ज्यांना न्यायालयात जाऊनही सहजासहजी काढता येत नाही असं हे पन्नास वर्षांचं बिऱ्हाड, तेही याच संकेतांकात. उलट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर अकरा महिन्यांसाठी आलेलं जोडपं 'लेखी करार आहे' या वरच्या खणात. या खणांवरून जर कुणी घराच्या ताब्याची सुरक्षितता मोजली, आणि ती मोजली जाते, तर शहरातले सर्वांत सुरक्षित भाडेकरू सर्वांत असुरक्षित म्हणून मोजले जातील. त्यांना कागद नाही तो कायद्यामुळे, आणि सुरक्षितता आहे तीही कायद्यामुळेच. फक्त कागद पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

भाड्याच्या आकड्याचं दुखणं वेगळं. समजा, एका मजल्यावर दहा खोल्या आहेत. सहा पागडीच्या, दरमहा १०० रुपये. चार मालकाने स्वतःकडे ठेवून लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या, दरमहा १८,००० रुपये. सरासरी भाडं निघेल ७,२६० रुपये. त्या मजल्यावर एवढं भाडं कुणीच देत नाही, आणि एवढ्यात तिथे खोली मागायला गेलात तर मिळणारही नाही. पागडीच्या खोल्या 'स्वतःचे'मध्ये ढकलल्या तर भाड्याची सरासरी सुधारते, पण मग भाडेकरू कुटुंबांची संख्याच कमी होते. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत भारतीय शहरांमधला भाड्याच्या घरांचा वाटा १९६१ मधल्या ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आला असं म्हटलं होतं. असा कल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आता नेहमी तो टॅबलेट येतो. मुंबईसारख्या शहरात प्रत्येक दशकात किती पागडीवाल्यांनी 'आमचंच' म्हटलं असेल आणि किती प्रगणकांनी ते तसंच लिहून घेतलं असेल?

दक्षिण कोरियात एकरकमी मोठी ठेव द्यायची, महिन्याचं भाडं द्यायचं नाही आणि सोडताना ठेव परत घ्यायची, अशी 'जोन्से' नावाची पद्धत आहे. तिथल्या जनगणनेत तिला स्वतंत्र खण आहे. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसांना अशीच 'लीज' परिचयाची असेल. पण पागडी आणि ही ठेव एक नव्हेत, हे आमच्या गटातल्या दोघांना समजावायला वेळ लागला. ठेव मालकाकडून परत मिळते. पागडी मालक परत करत नाही; ती मिळते पुढच्या भाडेकरूकडून, तीही त्या दिवसाच्या भावाने आणि मालकाचा वाटा वजा करून.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. संकेतांक 'भाड्याचे, लेखी करार नाही' हाच ठेवला. राज्यभरच्या तक्त्यांशी तुलना टिकवायची तर आपल्या मनाने नवा खण काढता येत नाही, आणि मला तसं करावंसं वाटलंही नाही. मात्र पुढच्या भागांसाठी मुख्य प्रश्नाआधी तीन साधे प्रश्न घातले. या जागेसाठी दर महिन्याला किंवा वर्षाला कुणाला काही देणं लागतं का, प्रत्यक्षात घेतलं जात असो वा नसो? आत येताना एकरकमी काही दिलं होतं का, आणि सोडताना ते कुणाकडून मिळेल: मालकाकडून, पुढच्या राहणाऱ्याकडून, की मिळणारच नाही? कुटुंबातलं ज्याच्या नावावर आहे ते माणूस उद्या नसलं तर बाकीचे इथे राहू शकतील का? संकेतांक अन्वेषकाने दारात ठरवायचा नाही, या उत्तरांवरून कार्यालयात ठरवायचा. व्याख्या उद्या बदलली तर उत्तरं हाताशी राहतील आणि वर्गीकरण पुन्हा करता येईल. एकदा 'स्वतःचे' अशी खूण झाली की तिच्यातून पुन्हा पागडी बाहेर काढता येत नाही.

भाड्याची किमान मर्यादा काढून टाकली आणि तिच्या जागी नुसती सूचना ठेवली. मालकाच्या घराला भाडं लागलं तर टॅबलेट आता अडत नाही, शेरा मागतो.

त्यानंतरचं काम जास्त कष्टाचं होतं. आमच्या नियमामुळे एका मुलीने संकेतांक तीनदा बदलला होता, तर इतरांनी काय केलं असेल? बदलांची यादी काढली. काही ठिकाणी भाडं आधी दोन आकडी आणि मग रिकामं. काही ठिकाणी ९०च्या पुढे एक शून्य वाढून ९०० झालेलं. कुणी लबाडी केली नव्हती. दिवसाचा कोटा पुरा करताना यंत्र जे घेईल ते दिलं होतं. या सगळ्या घरांना आम्ही पुन्हा भेट दिली. दुसऱ्यांदा दार वाजवायला गेल्यावर बऱ्याच घरांत कपाळावर आठ्या पडल्या, आणि त्या रास्त होत्या. पण "पागडीची का?" असं विचारलं की चेहरा बदलायचा आणि पावत्यांची पिशवी बाहेर यायची. आपली गोष्ट कुणीतरी योग्य शब्दाने विचारली, एवढ्यानेच लोक बोलू लागत.

काकूंकडे तिसरी खेप घातली ती एका उरलेल्या प्रश्नासाठी. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमध्ये ताब्याची सुरक्षितता दोन अंगांनी पाहतात: कागद आहे का, आणि माणसाला स्वतःला सुरक्षित वाटतं का. आमच्याकडे दुसरा प्रश्न होता, 'पुढच्या पाच वर्षांत ही जागा सोडावी लागेल असं वाटतं का?' पहिल्या भेटीत काकूंनी 'हो' म्हटलं होतं आणि कागद नसल्यामुळे ते मला सुसंगत वाटलं होतं. आता पिशवी पाहिल्यावर ते उत्तर बुचकळ्यात टाकत होतं. इतका पक्का हक्क, मग भीती कशाची?

मी विचारलं, "मालक काढेल असं वाटतं का?"

"मालक काय काढतोय!" असं म्हणून त्यांनी मला गॅलरीत नेलं. लाकडी तुळईला खालून लोखंडी टेकू लावलेले होते. दर पावसाळ्याआधी म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी येते, आणि ती आली की त्यांचा नवरा आधी आपल्या इमारतीचं नाव शोधतो. "या वर्षी नाही आलं," त्या म्हणाल्या. "पण रात्री पाऊस लागला की सासूबाई झोपत नाहीत."

त्या प्रश्नाला 'का' असा जोडप्रश्न नव्हता. मी शेऱ्याच्या ओळीत लिहिलं: सोडावी लागेल असे वाटते, कारण इमारत, मालक नव्हे. पुढच्या फेरीच्या अनुसूचीत 'कारण' हा रकाना आला आणि त्याच्या पर्यायांत 'इमारतीची अवस्था' हा पहिला ठेवला.